बटणं मोजू नका, वायरी मोजा

घर बांधणारा माणूस वायरिंगच्या कामात सगळ्यात जास्त वेळ कशावर घालवत असेल, तर प्लेटच्या रंगावर. पांढरी घ्यायची की राखाडी, चौकट सोनेरी हवी की साधी, बटणाचा आवाज मऊ येतो की टकटक, यावर घरातली सगळी माणसं दुकानात उभी राहून बोलतात. त्या प्लेटमागे भिंतीत जो पत्र्याचा किंवा पीव्हीसीचा बॉक्स बसतो, त्याबद्दल कोणी एक शब्द विचारत नाही. प्लेट उद्या बदलता येते. वायर जुनी झाली तर पाइपातून ओढून नवी घालता येते. एमसीबी, पंखा, गिझर, सगळं बदलता येतं. बॉक्स मात्र एकदा प्लास्टरमध्ये गेला की भिंत फोडल्याशिवाय बाहेर येत नाही. जी वस्तू कधीच बदलायची नाही, तिचाच विचार सगळ्यात कमी होतो. या कामात इतकी वर्षं घालवल्यावर मला सगळ्यात जास्त बोलावंसं वाटतं ते याच गोष्टीबद्दल.

मी चिपळूणचा. आयटीआयमध्ये तारतंत्रीचा दोन वर्षांचा कोर्स केला आणि मग एका जुन्या मिस्त्रींच्या हाताखाली लागलो. तेव्हा कोकणातल्या बहुतेक घरांत लाकडी पट्टीवर क्लिपा मारून वायरिंग असे आणि भिंतीवर सागवानी बोर्ड. आठ बाय दहाचा, दहा बाय बाराचा, अशा इंचांच्या मापात बोर्ड मागवायचे. वर सनमायकाची शीट, तिला करवतीने खाचा पाडून पियानो बटणं बसवायची. दिसायला ते बोर्ड अवजड होते, पण त्यांच्या पोटात हात जायचा. शीटचे चार स्क्रू काढले की सगळी वायरिंग समोर, कुठली वायर कुठे गेली ते डोळ्यांना दिसायचं. मिस्त्री म्हणायचे, "अरे, जी जोडणी दिसत नाही तिची खात्री तू कशी देणार?" मोठा बोर्ड लावणं ही त्यांच्या लेखी साधी शिस्त होती. बोर्डात नेहमी एक-दोन बटणांची जागा मोकळी ठेवायचे आणि मालकाने विचारलंच तर म्हणायचे, "तुमच्या सुनेला लागेल."

त्या वेळच्या वायरीही वेगळ्या. एक-अठरा, तीन-बावीस, सात-वीस अशी त्यांची नावं. तारा जाड आणि ताठ. अशी वायर लहान जागेत कोंबायला गेलात तर ती परत उसळून हातावर यायची. ती स्वतःच सांगायची की जागा कमी आहे. आज आपण वापरतो ती बारीक तारांची तांब्याची लवचिक वायर हाताला फार सोयीची, ओढायला हलकी, वळवायला सोपी. पण ती मुकाट्याने कोंबली जाते. प्लेट दाबून स्क्रू आवळला की बसली. आत काय झालंय ते कोणाला कळत नाही. माझ्या मते बॉक्स लहान घेण्याची सवय लागली ती या दोन गोष्टी एकत्र आल्यामुळे: मॉड्युलर प्लेटा आल्या आणि वायरी मऊ झाल्या.

मॉड्युलर पद्धतीत बॉक्सचं माप ठरतं ते मॉड्यूलवरून. बटण एक मॉड्यूल, सहा अँपिअरचं सॉकेट दोन, सोळा अँपिअरचं सॉकेटही दोन, पंख्याचा रेग्युलेटर सहसा दोन. बेरीज करायची, दुकानात जाऊन तीनचा, चारचा, सहाचा, आठचा, बाराचा बॉक्स मागायचा. हा हिशेब समोरून प्लेटमध्ये काय काय मावेल त्याचा आहे. मागे काय मावेल याचा तो हिशेबच नाही. एकाच आठ मॉड्यूलच्या प्लेटमागे एका घरात दहा वायरी असतात, दुसऱ्या घरात पंचवीस. पुढून दोन्ही सारख्याच दिसतात.

हे मला नीट समजलं ते सौदी अरेबियात, दम्मामला. आमच्याकडची कितीतरी मुलं जशी आखातात गेली तसा मीही काही वर्षं गेलो होतो. ज्या साइटवर होतो तिथलं काम अमेरिकी पद्धतीचं होतं. सुपरवायझर केरळचे, वयस्कर आणि अतिशय काटेकोर. त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात विचारलं, या बॉक्समध्ये किती वायरी चालतील? मी बॉक्सकडे बघून अंदाजाने सांगितलं. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि पुठ्ठ्यावर हिशेब मांडला.

अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमध्ये ३१४ व्या कलमात हा नियम आहे. प्रत्येक वायरीला बॉक्समध्ये ठरावीक घनइंच जागा द्यावी लागते. चौदा गेजच्या वायरीला २ घनइंच, बारा गेजच्या वायरीला २.२५, दहा गेजला २.५. बाहेरून येऊन बॉक्समध्ये जोडली किंवा संपलेली प्रत्येक वायर एक धरायची. न कापता नुसती आतून जाणारी वायरसुद्धा एक. अर्थच्या वायरी चारपर्यंत असतील तर सगळ्या मिळून एक. बटण किंवा सॉकेट यांच्या प्रत्येक पट्टीला दोन वायरींची जागा. आत पकडीचे क्लॅम्प असतील तर त्यांची मिळून एक. सगळ्यांची बेरीज बॉक्सच्या घनफळापेक्षा जास्त होता कामा नये. तिथल्या प्लास्टिकच्या बॉक्सवर हे घनफळ छापलेलंच असतं. पत्र्याच्या चार इंची चौकोनी बॉक्सचं दीड इंच खोलीला २१ घनइंच, सव्वादोन इंचाच्या जवळपास खोली असलेल्याचं ३०.३. खोली पाऊण इंचाहूनही कमी वाढते आणि जागा जवळपास दीडपट होते. हे आकडे माझ्या डोक्यात तेव्हापासून कोरले गेले.

आपल्याकडे वायरमनला पाइपाचा हिशेब शिकवतात. वीस मिलिमीटरच्या पाइपात दीड एमएमच्या किती, अडीचच्या किती, याचा तक्ता आयटीआयमध्ये पाठ करून घेतात, आणि पाइप ठासून भरायचा नाही हे पोरांना माहीत असतं. पाइपात वायरी नुसत्या पडून असतात. बॉक्समध्ये त्या वळतात, सोलल्या जातात, स्क्रूखाली आवळल्या जातात, एकमेकींवर दाबल्या जातात. घराच्या वायरिंगमधला जवळजवळ प्रत्येक जोड बॉक्समध्ये असतो, आणि बिघाड होतो तो बहुतेकदा जोडातच. तरी साइटवर बॉक्सचा हिशेब करताना मी फार कमी माणसं पाहिली आहेत.

परत आल्यावर मी तो अमेरिकी हिशेब आपल्या मालावर लावून पाहिला. आपलं दीड एमएम त्यांच्या चौदा गेजपेक्षा बारीक, अडीच एमएम बारा गेजपेक्षा बारीक आणि चार एमएम दहा गेजपेक्षा बारीक. म्हणून मी अनुक्रमे २, २.२५ आणि २.५ हेच आकडे घेतो, थोडी जागा जास्तच मिळते. आपलं मॉड्युलर बटण त्यांच्या बटणापेक्षा बरंच लहान, म्हणून बटणाला एक वायर धरतो, सॉकेटला आणि रेग्युलेटरला दोन. हा माझा स्वतःचा कामचलाऊ नियम आहे, कुठल्या भारतीय पुस्तकातला नाही. पण तो लावायला लागल्यापासून माझ्या कामात प्लेट दाबून बसवायची वेळ येत नाही.

एक उदाहरण घ्या. स्वयंपाकघरातला मिक्सर-ओव्हनचा पॉवर पॉइंट. एक बटण, एक सोळा अँपिअरचं सॉकेट, म्हणजे तीन मॉड्यूल. चार एमएमची वायर, आणि पुढच्या पॉइंटला लूप गेलेला. फेज येणारी-जाणारी दोन, न्यूट्रल दोन, अर्थची मिळून एक, अशा पाच. बटणाची एक, सॉकेटच्या दोन. आठ झाल्या. आठ गुणिले २.५, वीस घनइंच. तीन मॉड्यूलचा बॉक्स साधारण चार इंच लांब, तीन इंच उंच. दोन इंच खोल असेल तर चोवीस घनइंच, काम आरामात होतं. दीड इंच खोल असेल तर अठरा, म्हणजे नाही. दुकानात दोन्ही बॉक्स शेजारी शेजारी ठेवलेले असतात, दोन्हींवर तीनच मॉड्यूल लिहिलेलं असतं, आणि उथळ बॉक्स थोडा स्वस्त असतो.

आता हॉलचा बोर्ड. दोन लाइट, एक पंखा, एक सहा अँपिअरचं सॉकेट. चार बटणं, सॉकेट, रेग्युलेटर, बरोबर आठ मॉड्यूल. वायर दीड एमएम. फेज दोन, न्यूट्रल दोन, लाइट-पंख्याकडे जाणाऱ्या तीन फेज आणि तीन न्यूट्रल, अर्थ एक. अकरा. बटणांच्या चार, सॉकेट आणि रेग्युलेटरच्या चार. एकोणीस. दुप्पट केले की अडतीस घनइंच. आडवा आठचा बॉक्स माझ्या टेपने साडेनऊ इंच बाय तीन इंच भरतो, कंपनीप्रमाणे सूतभर इकडेतिकडे. दीड इंच खोलीला बेचाळीस-त्रेचाळीस घनइंच मिळतात, दोन इंचाला सत्तावन्न. म्हणजे उथळ बॉक्स इथे चालून जातो. मालक खूश, ठेकेदार खूश.

मग इन्व्हर्टर येतो.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. दापोली-मंडणगड पट्ट्यात विजेचे खांब आडवे झाले, गावंच्या गावं कित्येक दिवस अंधारात राहिली. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते. त्यानंतर ज्यांना परवडत होतं त्या जवळजवळ सगळ्यांनी इन्व्हर्टर घेतले. इन्व्हर्टर घरात ठेवणं सोपं, त्याची लाइन जुन्या बोर्डात आणणं कठीण. एक फेज वेगळी येते, पुढच्या खोलीला जाते. घरात वीजगळती ओळखून लाइन तोडणारा आरसीसीबी असेल तर इन्व्हर्टरचा न्यूट्रलही वेगळा ओढावा लागतो, नाहीतर आरसीसीबी सारखा पडत राहतो. अकराच्या पंधरा वायरी झाल्या. हिशेब अडतीसवरून सेहेचाळीसवर गेला. दोन इंची बॉक्सात अजून जागा उरते, उथळ बॉक्स संपला. त्या काळात मी अशी घरं पाहिली जिथे प्लेट बसेना म्हणून चौकटीचे कान तुटले होते आणि प्लेट चिकटपट्टीने भिंतीला धरून ठेवली होती. त्यातून वाईट म्हणजे अशा बॉक्समध्ये आता दोन ठिकाणांहून वीज येते. मेन बंद केला म्हणून निर्धास्त हात घालणाऱ्याला इन्व्हर्टरची फेज झटका देऊ शकते. जागा असेल तर इन्व्हर्टरच्या वायरी एका बाजूला बांधून त्यांना वेगळ्या रंगाची टेप लावता येते. गर्दीत ते शक्यच होत नाही.

कोंबलेल्या बॉक्समध्ये नक्की काय बिघडतं, हे लोक विचारतात तेव्हा मी तीन गोष्टी दाखवतो. पहिली, सैल होणारा जोड. मागे दाबलेली वायर सतत स्क्रूखालून बाहेर यायला बघते. पॉवर पॉइंटवर दिवसातून अनेकदा वायर तापते आणि निवते, स्क्रू हळूहळू ढिला पडतो, ढिला जोड आणखी तापतो. सॉकेट पिवळं पडतं, मग तपकिरी, मग जळका वास. नेहमीच्या पीव्हीसी वायरीचं आवरण ७० अंश सेल्सिअसपर्यंतचं असतं, आणि सैल जोडापाशी ते तापमान सहज ओलांडलं जातं. दुसरी गोष्ट, बारीक तारांमधली एखादी तार स्क्रूबाहेर राहून शेजारच्या टर्मिनलला टेकणं. टोकावर धातूची पिन लग आवळली तर हे टळतं, पण लगलासुद्धा मागे सरळ उभं राहायला जागा लागते.

तिसरी गोष्ट सगळ्यात धोकादायक आणि सगळ्यात कमी माहीत असलेली. चौकटीचे लांब स्क्रू. बॉक्स भरलेला असला की एखादी वायर चौकटीच्या कडेला, स्क्रूच्या वाटेत येते. स्क्रू आवळताना त्याचं टोक आवरणात शिरतं. फेजची वायर असेल तर पत्र्याचा बॉक्स आणि कधी कधी प्लेटचे स्क्रूही जिवंत होतात. बॉक्सला अर्थ जोडलेला असेल तर एमसीबी पडतो आणि माणूस वाचतो. अर्थ नसेल तर पावसाळ्यात ओल धरलेली भिंत हाताला झिणझिण्या देते. "भिंतीला करंट येतोय" अशी तक्रार घेऊन आलेल्या माणसाच्या घरी मी आधी नळाजवळचे आणि स्वयंपाकघरातले बोर्ड उघडतो, आणि बहुतेक वेळा तिथेच चेपलेली वायर सापडते. म्हणून पत्र्याचा बॉक्स असेल तर त्याला अर्थ हवाच. समुद्राजवळच्या घरांत, गुहागर-हेदवीकडे, मी पीव्हीसीचा बॉक्स पसंत करतो. खाऱ्या हवेत पत्रा काही वर्षांत गंजतो, कानाचे आटे खाल्ले जातात आणि मग चौकट धरत नाही.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी चिपळुणात शिरलं. बाजारपेठेतले तळमजले बुडाले. पाणी ओसरल्यावर आम्हा वायरमन लोकांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. महावितरणचे लोक खांबांवर आणि ट्रान्सफॉर्मरवर, आम्ही घराघरांत. बोर्ड उघडला की आत चिखल, बारीक, चिकट, कोपऱ्याकोपऱ्यात बसलेला. बटणं, सॉकेट, एमसीबी, आरसीसीबी, जे जे पाण्यात गेलं होतं ते बदलायचंच, त्यात तडजोड नाही. प्रश्न वायरींचा होता. पाचशे व्होल्टचा मेगर, म्हणजे वायरीचं आवरण शाबूत आहे का ते मोजणारं यंत्र, लावून पाहायचा. वायर आणि अर्थ यांच्यात निदान एक मेगाओहम मिळाला तर ती वायर ठेवता येते. पाइपांतलं पाणी निथळून सुकल्यावर कित्येक वायरी चांगल्या निघाल्या. फक्त त्यांची टोकं काळी पडली होती. इंच-दीड इंच कापून नवं टोक काढलं की झालं.

आणि तिथेच बॉक्सचा फरक उघडा पडला. मोठ्या, खोल बॉक्समध्ये वायरीचं टोक अर्धा फूट राखून ठेवलेलं असायचं, आत वळवून. ते कापलं तरी नवं बटण जोडायला वायर पुरायची. अशी घरं आठ-पंधरा दिवसांत पूर्ववत उजळली. लहान बॉक्समध्ये जागाच नसल्यामुळे आधीच्या वायरमनने टोकं आखूड कापलेली होती. प्लेट जेमतेम दोन बोटं पुढे यायची. तिथे काळं टोक कापलं की वायर स्क्रूपर्यंत पोचेना. नवी ओढायला गेलो तर पाइपात गाळ घट्ट बसलेला. शेवटी भिंतीला झिरी मारायची, पाइप बदलायचा, प्लास्टर करायचं, रंग द्यायचा. आधीच सगळं गेलेल्या माणसाला हे सांगताना तोंडातून शब्द फुटत नसे. एका दुकानदार काकांनी मला विचारलं, "दादा, वायर चांगली आहे म्हणतोस, मग भिंत का फोडायची?" त्यांना मी जुना बॉक्स हातात दिला. त्यांनी तो उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाले, "नवीन घालशील तो दुप्पट घाल."

बॉक्स लहान का घेतला जातो, याची कारणं सरळ आहेत. वायरमनला पैसे मिळतात ते पॉइंटप्रमाणे. बॉक्स मोठा बसवायला झिरी मोठी, वेळ जास्त, दर तोच. माल ठेकेदाराचा असेल तर त्याला प्रत्येक प्लेटमागे पैसे वाचवायचे असतात, कारण आठऐवजी बाराची प्लेट घेतली की खरा खर्च प्लेटचा वाढतो, बॉक्सचा नव्हे. इंटिरियरवाल्याला भिंतीवर कमीत कमी दिसायला हवं असतं. आणि मालकाला कोणी विचारतच नाही. यात कोणी वाईट माणूस नाही. पण या सगळ्यांत भिंतीमागच्या जागेची बाजू घेणारा एकही माणूस नाही, आणि तो वायरमननेच व्हायला हवं असं मला ठाम वाटतं. गवंडी काय किंवा मालक काय, वायरी मोजणार नाहीत. मोजता येतात त्या आम्हा वायरमनना.

भिंतीचाही विचार करावा लागतो. आमच्याकडे जांभ्या चिऱ्याची भिंत असली तर खोलीचा प्रश्न येत नाही, चिरा जाड असतो. फक्त तो भुरभुरीत निघतो, खड्डा हवा त्यापेक्षा मोठा पडतो, म्हणून बॉक्स सिमेंटमध्ये नीट पॅक करायचा, नुसत्या पीओपीत नाही. चार इंची विटांच्या भिंतीत अडचण वेगळी. बेडरूमच्या आणि हॉलच्या बोर्डांसाठी एकाच जागी दोन्हीकडून खड्डा घेतला की दोन इंची दोन बॉक्स पाठीला पाठ लागतात, आणि म्हणून दोन्हीकडे उथळ बॉक्स घालण्याचा मोह होतो. एक बॉक्स फूटभर बाजूला सरकवा, खोली मिळते. शहरांतल्या नव्या टॉवरमध्ये मायवानच्या, म्हणजे साच्यात ओतलेल्या, काँक्रीट भिंती असतात. तिथे बॉक्स लोखंडाच्या जाळीबरोबर काँक्रीट ओतण्याआधीच बांधून टाकतात. तिथे नंतर मोठा करायचा विषयच संपतो, कारण ती भिंत फोडायला परवानगीच नसते. अशा इमारतीत फ्लॅट घेणाऱ्याने ताबा घेताना निदान एक पॉवर बोर्ड उघडून बघावा असं मी सांगतो.

बॉक्स योग्य मापाचा घेतला तरी प्लास्टरच्या दिवशी त्याची जागा खाल्ली जाते. गवंड्याचा माल आत पडून तळाला घट्ट बसतो आणि दोन इंची बॉक्स दीड इंची होतो. म्हणून प्लास्टरआधी बॉक्समध्ये कागद नाहीतर थर्माकोलचा तुकडा ठासून भरायचा. पाइपाचं टोक बॉक्समध्ये इंचभर घुसलेलं असेल तर कापून कडेला आणायचं. बॉक्स प्लास्टरच्या पातळीला हवा. आत गेला की लांब स्क्रू वापरावा लागतो आणि लांब स्क्रूचं काय होतं ते वर सांगितलंच आहे.

सगळे एमसीबी जिथे बसतात त्या डीबीलाही हेच सगळं लागू आहे, आणि तिथे कंजूषपणा जास्तच महागात पडतो. जितके एमसीबी तितक्याच जागांचा डीबी घेतला की पुढे एसी वाढला, पाण्याचा पंप वाढला, तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवायचा ठरला, तर जागा नसते. सिंगल फेजचा आरसीसीबीच दोन मॉड्यूल घेतो. मी एक तृतीयांश जागा मोकळी ठेवतो आणि वायरींना वळायला बाजूला मोकळी जागा असलेलाच डीबी निवडतो.

हल्ली मोबाइलवरून लाइट लावायचे छोटे मॉड्यूल आले आहेत. ते बटणाच्या मागे बॉक्समध्येच बसवायचे असतात आणि त्यांतल्या बहुतेकांना न्यूट्रल लागतो. माझ्या हिशेबात मी त्या प्रत्येकाला दोन-तीन वायरींची जागा धरतो. ज्यांच्या घरी मोठे बॉक्स आहेत त्यांचं काम तासाभरात होतं. ज्यांच्या घरी नाहीत त्यांना मी स्पष्ट नाही सांगतो. आत कोंबून दिलं तर तो मॉड्यूल स्वतः तापतो आणि शेजारच्या वायरीही तापवतो.

म्हणून घर बांधत असाल किंवा जुन्या घराची वायरिंग नव्याने करत असाल, तर एक विनंती. झिरी मारून बॉक्स बसले की प्लास्टर सुरू होण्याच्या आदल्या दिवशी तुमच्या वायरमनला बरोबर घेऊन खोलीखोलीतून फिरा. मिक्सर कुठे, इन्व्हर्टर कुठे, एसी पुढे कधी लागणार का, हे त्याला त्या वेळी सांगा. प्रत्येक बोर्डापाशी त्याला विचारा की या बॉक्समध्ये किती वायरी येणार आहेत. टेप लावून बॉक्सची खोली बघा, दोन इंच भरली पाहिजे. वायरी जास्त होत असतील तर पुढच्या मापाचा बॉक्स घ्या आणि रिकाम्या मॉड्यूलला डमी लावा. बॉक्सच्या किमतीतला फरक किरकोळ असतो, प्लेटचा थोडा जास्त. तुमचा वायरमन मोठा बॉक्स मागत असेल तर त्याच्याशी त्या पैशांवरून घासाघीस करू नका, आणि तो मागत नसेल तर तुम्ही मागा.